महाराष्ट्रातील स्थलांतरित मेंढपाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्थलांतरित मेंढपाळ म्हणजे नेमके कोण?

महाराष्ट्रात मेंढ्या घेऊन वर्षातील सात-आठ महिने रानोमाळ फिरणारी बहुतेक कुटुंबे धनगर समाजातील आहेत. या समाजात अनेक पोटजाती असून सर्वांचा व्यवसाय एक नाही. हटकर आणि खुटेकर धनगरांत मेंढपाळी प्रामुख्याने टिकून आहे, सनगर हे परंपरेने घोंगडी विणणारे, तर सह्याद्रीच्या माथ्यावर राहणारे डंगे धनगर गायी-म्हशी पाळतात. आज समाजातील बहुसंख्य लोक शेती, मजुरी, नोकरी किंवा व्यापार करतात. त्यामुळे ‘धनगर’ आणि ‘फिरता मेंढपाळ’ हे शब्द एकाच अर्थाने वापरणे चुकीचे ठरते, आणि सरकारी चर्चेत ही गल्लत सर्रास होते.

विदर्भात कुरमार समाजाचे मेंढपाळ आहेत, शिवाय कच्छ-काठेवाडकडून आलेले रबारी उंटांवर बिऱ्हाड लादून कापसाच्या रानांतून फिरताना दिसतात. पुढील उत्तरे मात्र मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातील धनगर मेंढपाळांविषयी आहेत.

ते वाट फुटेल तिकडे जातात का?

नाही. बहुतेक वाड्यांचा, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबसमूहांचा, मार्ग, मुक्कामाची गावे आणि तेथील ओळखीचे शेतकरी ठरलेले असतात. बारामती, फलटण, माण, खटाव, पुरंदर, शिरूर, पारनेर, संगमनेर या अवर्षणप्रवण पट्ट्यांतील कळप दसरा-दिवाळीनंतर निघतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही पूर्वेकडे मराठवाड्याच्या किंवा उत्तरेकडे खानदेशाच्या दिशेने सरकतात, आणि मृगाच्या सुमारास सर्व जण आपापल्या गावी परततात.

पाऊस लांबला, एखाद्या गावाने अडवले किंवा पुढे गेलेल्या वाड्याने चारा संपवला, तर वाट बदलते. मात्र ती बदलण्यापूर्वी एक-दोन जण पुढे जाऊन रान पाहून येतात, पाण्याची चौकशी करतात आणि मगच मुक्काम हलतो. बोरघाटातील शिंग्रोबाच्या मंदिराविषयी अशी आख्यायिका सांगितली जाते की, घाटातून लोहमार्ग नेण्याची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी घाटवाटांचे ज्ञान कोणाकडे होते याविषयी लोकस्मृतीला शंका नव्हती, एवढे तिच्यावरून दिसते.

गावातच चारा पिकवून मेंढ्या का सांभाळत नाहीत?

हा प्रश्न शेतकऱ्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांकडून येतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देणे आवश्यक आहे.

पठाराच्या पूर्व भागात वर्षाला सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यात माळावर कुसळी, पवन्या यांसारखी गवते उगवतात आणि कळपाचे भागते. परंतु याच भागात भाद्रपद-आश्विनात रब्बीच्या ज्वारीची पेरणी होते, शेते मेंढ्यांना बंद होतात आणि ज्वारीची काढणी होईपर्यंत, म्हणजे माघ-फाल्गुनापर्यंत, बंदच राहतात. माळावरचे गवत तोवर संपलेले असते. नेमक्या याच वेळी कोकणातील भात कापून झालेले असते आणि तेथील खाचरे जूनपर्यंत मोकळी पडतात. एका प्रदेशातील टंचाई आणि दुसऱ्यातील मोकळीक अशी एकमेकांत बसल्यामुळे ही वहिवाट निर्माण झाली.

उलट दिशेचे कारणही तितकेच पक्के आहे. दख्खनी मेंढी उष्णता आणि लांबची चाल सोसते, पण सततचा ओलावा तिला मानवत नाही. कोकणच्या पावसात तिची लोकर भिजून राहते, खुरे कुजतात, पोटात जंत आणि यकृतात पर्णकृमी होतात. म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वी घाट चढून कोरड्या माळावर परतणे तिच्या जिवासाठी आवश्यक असते.

राहिला चारा पिकवण्याचा मुद्दा. ज्या कुटुंबाकडे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याने शंभर मेंढ्यांसाठी वर्षभराचा चारा विकत घेतला किंवा पिकवला, तर कोकरांच्या विक्रीतून तो खर्च सहसा निघत नाही. हा धंदा चारा जवळजवळ फुकट मिळतो या गृहीतकावर उभा आहे. ते गृहीतक मोडले की धंदा मोडतो.

‘वाडा’ म्हणजे काय आणि तो कसा चालतो?

एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबांच्या समूहाला वाडा म्हणतात. त्यात बहुधा भाऊबंद आणि सोयरे असतात, क्वचित नात्याबाहेरचे एखादे कुटुंबही असते. प्रत्येक कुटुंबाच्या मेंढ्या त्याच्या मालकीच्याच राहतात. एका कुटुंबाकडे पन्नास-साठपासून दोनशेपर्यंत मेंढ्या असू शकतात, आणि मोजणी अजूनही अनेक ठिकाणी वीसच्या खंडीने होते. सामान वाहण्यासाठी तट्टे, राखणीसाठी कुत्री आणि घोड्याच्या पाठीवरील झोळीत बांधलेल्या कोंबड्या व नुकतीच जन्मलेली कोकरे हे सर्व वाड्याबरोबर चालते. अलीकडे टेम्पो भाड्याने घेऊन सामान आणि म्हातारी माणसे पुढे पाठवणेही सुरू झाले आहे.

वाड्याचा म्होरक्या हा वयाने किंवा अनुभवाने मोठा पुरुष असतो. गावाशी बोलणी करणे, शेत ठरवणे, पोलीस पाटील किंवा वनरक्षक यांच्याशी प्रसंग आल्यास पुढे होणे ही त्याची कामे असतात, तरीही मुक्काम कधी हलवायचा हे तो एकटा ठरवत नाही, रात्री सर्व कर्ते पुरुष बसून ठरवतात. शेतात मेंढ्या बसवून मिळालेले धान्य किंवा पैसे आणि वाटेतील सामाईक खर्च यांची वाटणी सहसा मेंढ्यांच्या संख्येच्या प्रमाणात होते. एकट्या कुटुंबाला इतक्या दूरचा प्रवास करणे चोर, लांडगे आणि गावकऱ्यांचा विरोध या तिन्ही कारणांनी अवघड असते.

उत्पन्न नेमके कशातून मिळते?

मुख्य उत्पन्न कोकरांच्या विक्रीतून मिळते. मेंढीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो आणि दख्खनी मेंढी बहुधा एकाच कोकराला जन्म देते. माद्या कळप वाढवण्यासाठी ठेवतात आणि नर कोकरे तीन-चार महिन्यांची होताच विकतात. याहून अधिक काळ सांभाळले तर वजन आणि किंमत दोन्ही वाढतील हे मेंढपाळाला ठाऊक असते, परंतु चालत्या कळपात वाढत्या कोकरांना वेगळा खुराक देणे शक्य नसते, आणि आईचे दूध तुटले की पुढच्या गाभणीचा हंगाम साधतो. खरेदीदार व्यापारी पुष्कळदा वाड्यावरच येतात आणि वजन न करता नजरेच्या अंदाजाने सौदा करतात. यात कोणाचा अंदाज पैशांत उतरतो, हे सांगण्याची गरज नाही. लोणंद, आटपाडी, सांगोला येथील जनावरांच्या बाजारात भाव तुलनेने उघडपणे ठरतो, पण जानेवारीत पनवेलजवळ मुक्काम असलेल्या कुटुंबाला लोणंदचा बाजार काय उपयोगाचा?

दुसरे उत्पन्न शेतात मेंढ्या बसवण्याचे, आणि लोकरीचे उत्पन्न आता नावापुरते उरले आहे. मेंढीचे दूध प्रामुख्याने कोकरांसाठी सोडले जाते. ज्यांच्याकडे स्वतःचा पुरेसा कळप नाही असे तरुण दुसऱ्याच्या मेंढ्या सालाने किंवा अर्धेलीने राखतात. अर्धेलीत जन्मणाऱ्या कोकरांचा निम्मा वाटा राखणाऱ्याला मिळतो, आणि पूर्वी अनेकांचा कळप अशाच वाट्यातून उभा राहिला.

शेतात मेंढ्या बसवण्याचा व्यवहार कसा असतो?

शेतकरी आपल्या मोकळ्या शेतात एक किंवा अधिक रात्री कळप बसवून घेतो. वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून मेंढ्या एका तुकड्यात ठेवतात आणि दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यावर सरकवतात, त्यामुळे लेंडी आणि मूत्र सर्व रानात सारखे पडते. मूत्रातील नत्र थेट जमिनीत जिरते. उकिरड्यातून आणलेल्या खतात त्याचा मोठा भाग आधीच उडून गेलेला असतो, म्हणून जुने शेतकरी बसवलेल्या मेंढ्यांना गाडीने टाकलेल्या शेणखताहून अधिक मोल देतात. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्या तुकड्यावर कळप बसला तर राबाचे काम हलके होते.

मोबदला पूर्वी पायलीने धान्यात मिळे आणि कोकणातून भात घेऊनच वाडे परतत. आता बहुतेक ठिकाणी रोख रक्कम मिळते, काही ठिकाणी रकमेबरोबर धान्य, चहा-साखर आणि मुक्कामाला पाणी मिळते. रासायनिक खतांचा वापर वाढला तसा या मोबदल्याला उतार लागला. ऊस, द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागायतदारांकडून मात्र लेंडीखताची मागणी आजही चांगली आहे आणि सेंद्रिय शेतीमुळे ती काही भागांत वाढली आहे. असे असूनही भाव ठरवण्याची ताकद मेंढपाळाकडे आलेली नाही, कारण त्याला रात्रीपुरती जागा आणि पाणी हवेच असते, आणि शेतकऱ्याला खत आज नाही तर उद्याही चालते.

लोकरीचे काय झाले?

दख्खनी मेंढीची लोकर काळी, भरड आणि थोडी असते, वर्षातून दोन कातरण्या मिळून जेमतेम अर्धा-पाऊण किलो. ती विलायती मेंढीसारखी कापडाला चालत नाही, घोंगडीला चालते. सनगर विणकर खड्ड्यातील मागावर घोंगडी विणतात आणि सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे पाऊस आणि काटे दोन्ही अंगाला लागत नाहीत. गिरणीतील स्वस्त ब्लँकेटे आणि प्लॅस्टिकचे कागद आल्यानंतर घोंगडीचा गिऱ्हाईक मेंढपाळ आणि वारकरी यांच्यापुरता आक्रसला. आज अनेक ठिकाणी लोकरीला मिळणारी किंमत कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाही. मेंढीला उन्हाळा सोसावा म्हणून कातरणी करावीच लागते, आणि लोकर रानात टाकून दिली जाते.

याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. लोकरीची किंमत गेल्यावर काळ्या, लोकरी मेंढीऐवजी मांसाची जात पाळणे फायद्याचे झाले. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी उंच, फुगीर नाकाची आणि झपाट्याने वजन घेणारी म्हणून तिची मागणी वाढली. शुद्ध दख्खनी कळप त्यामुळे कमी होत चालले आहेत, आणि लोकरीबरोबर दुष्काळ सोसण्याचा जो गुण या जातीत होता, तोही पातळ होत आहे.

जुळी कोकरे देणारी मेंढी पाळली तर उत्पन्न दुप्पट होणार नाही का?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीतील जुळेपणाचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली, आणि महाराष्ट्रातील पशुपैदाशीच्या कामांत हे एक भरीव काम मानले पाहिजे. बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त पाळणाऱ्यांना तिचा स्पष्ट लाभ होतो. दररोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या कळपात मात्र जुळ्यांना पुरेल इतके दूध मेंढीला येण्यासाठी तिला वरचा खुराक द्यावा लागतो, दोन कोकरांना मुक्कामागणिक उचलून न्यावे लागते आणि मरतूक वाढण्याचा धोका राहतो. म्हणून काही मेंढपाळ ही मेंढी आवर्जून घेतात आणि काही नम्रपणे नाकारतात. नाकारणाऱ्यांना अडाणी समजणे योग्य नाही.

स्त्रियांवर कोणती कामे असतात?

कळप चारणे हे पुरुषांचे काम मानले जाते, त्यामुळे स्त्रियांचे श्रम हिशेबात येत नाहीत. प्रत्यक्षात बिऱ्हाड हलवण्याचे जवळजवळ सर्व काम त्यांच्याकडे असते. पहाटे भाकरी थापून, भांडी-अंथरुणे बांधून, घोड्यांवर लादून त्या पुढच्या मुक्कामाला निघतात, तेथे चुली मांडतात, पाणी शोधून डोक्यावरून आणतात, आजारी मेंढ्या आणि लहान कोकरे सांभाळतात. मिळालेले धान्य निवडणे, दळणाची सोय करणे, गावातील बायकांशी ओळख ठेवून ताक-भाजीपाल्यापासून दवाखान्याच्या पत्त्यापर्यंत माहिती मिळवणे हेही त्याच करतात. एखाद्या गावाशी वाड्याचा जिव्हाळा टिकतो तो पुष्कळदा या ओळखींमुळे.

आडोशाचा अभाव, गरोदरपणात तपासण्या चुकणे आणि पुरुष कळपामागे गेलेले असताना मुक्कामावर एकटे असणे हे त्यांचे खरे प्रश्न आहेत. सभेत निर्णय पुरुष घेतात, पण मुक्कामाची जागा पाण्यापासून किती दूर असावी यावर घरात काय बोलणे झाले असेल, ते दुसऱ्या दिवशीच्या मुक्कामावरून ओळखता येते.

मुलांच्या शिक्षणाचे काय?

अनेक कुटुंबे आता आजी-आजोबांना गावात ठेवून शाळकरी मुले त्यांच्याकडे सोडतात. ज्यांना ते शक्य नसते त्यांच्यासाठी आश्रमशाळा, हंगामी वसतिगृहे आणि धनगर विद्यार्थ्यांसाठीची निवासी इंग्रजी शाळांची योजना असे पर्याय आहेत, पण जागा मर्यादित आहेत आणि प्रवेशाची मुदत नेमकी कुटुंब फिरतीवर असताना येते. शाळा सोडलेली मुले बारा-तेराव्या वर्षी कळपामागे लागतात. शिकलेली मुले बहुधा परत येत नाहीत, त्यामुळे अनेक वाड्यांत चाळिशीखालील माणसे विरळ झाली आहेत. यात एक कठोर सामाजिक कारणही आहे: फिरतीवर जाणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला घरे तयार होत नाहीत, आणि काही तरुण केवळ लग्न जमावे म्हणून मेंढ्या विकतात.

वनखाते आणि मेंढपाळ यांच्यात वाद का होतात?

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात परवानगीशिवाय जनावरे चारणे गुन्हा आहे. माळराने महसुली दप्तरात पडीक म्हणून नोंदली गेली, त्यांपैकी पुष्कळ वनखात्याकडे गेली आणि त्यांवर गिरिपुष्पासारखी झाडे लावण्यात आली. गवताळ माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे, चिंकारा, माळढोक आणि लांडगा तिच्यावर जगतात, हे मान्य व्हायला फार उशीर झाला.

२००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. धनगर अनुसूचित जमातीत नसल्यामुळे त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे आजोबा दरवर्षी त्या रानातून गेले परंतु तेथे राहिले नाहीत, त्यांनी कोणता कागद आणायचा, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

लांडग्याने मेंढी मारली तर भरपाई मिळते का?

मिळू शकते. वाघ, बिबट्या, लांडगा इत्यादी वन्यप्राण्यांनी पाळीव जनावर मारल्यास वनखाते भरपाई देते. त्यासाठी ठरलेल्या मुदतीत खबर देणे, मृत जनावर जागेवरून न हलवणे आणि पंचनामा होणे आवश्यक असते. वाडा मात्र दुसऱ्या सकाळी पुढे निघतो, लहान कोकरू लांडगा उचलून नेतो आणि पुरावाच उरत नाही. तरीही लांडग्याविषयी मेंढपाळांची भाषा अनेकदा आश्चर्यकारकरीत्या सौम्य असते. ‘त्याचा वाटा त्याने नेला’ असे म्हणणारे जुने लोक आजही भेटतात. रस्त्यावरील वाहनाखाली मेलेल्या मेंढ्यांची भरपाई मिळवणे त्याहून अवघड आहे.

शासनाच्या कोणत्या योजना आहेत?

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्यालय पुण्यात असून पैदाशीचे नर पुरवणे, प्रशिक्षण आणि योजना राबवणे ही त्याची कामे आहेत. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी चराई अनुदानाचाही समावेश आहे. पशुसंवर्धन विभागाच्या लसी मिळतात, त्यांत आंत्रविषार, देवी आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांतील प्लेगसारखा रोग) यांच्या लसी महत्त्वाच्या. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घेणे सर्वांत गरजेचे, कारण कोवळ्या गवतावर हा रोग एका रात्रीत कळप रिकामा करतो. शिधापत्रिकेवरील धान्य आता दुसऱ्या गावातील दुकानातूनही घेता येते, आणि फिरतीवरील कुटुंबांना प्रत्यक्ष उपयोगी पडलेली ही कदाचित सर्वांत साधी सोय आहे.

या योजनांमधील एक उणीव ठळक आहे. त्या मेंढीसाठी आहेत, वाटेसाठी नाहीत. वीस मेंढ्या देता येतात, पण त्या कोणत्या रानातून, कोणत्या पाणवठ्यावरून जाणार, हा प्रश्न कोणत्याही अर्जात नसतो.

आरक्षणाची मागणी नेमकी काय आहे?

महाराष्ट्रात धनगर समाजाला भटक्या जमाती ‘क’ प्रवर्गात ३.५ टक्के आरक्षण आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘धनगड’ ही नोंद म्हणजे धनगरच, असे समाजाचे म्हणणे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या संदर्भातील याचिका फेटाळल्या, आदिवासी संघटनांचा या मागणीला विरोध आहे आणि राजकीय पातळीवर आंदोलन सुरूच आहे. फिरत्या मेंढपाळाला या वादाचा निकाल काहीही लागला तरी चराईची वाट आपोआप मिळणार नाही. निकाल समाजाच्या बाजूने लागला तर वनहक्कासाठीची ७५ वर्षांच्या पुराव्याची अट मात्र राहणार नाही, आणि या दृष्टीने हा प्रश्न त्याच्याही जवळचा आहे.

धार्मिक जीवन आणि अर्थव्यवहार यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बराच जवळचा आहे. आरेवाडीचा बिरोबा, जेजुरीचा खंडोबा, वीरचा म्हस्कोबा, धुळोबा ही दैवते वाड्यांच्या मार्गांशी आणि परतीच्या वेळापत्रकाशी बांधलेली आहेत. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगराची लेक, त्यामुळे जेजुरीशी नाते सोयरिकीचे मानले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टण कोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत आश्विन महिन्यात फरांडेबाबा भाकणूक सांगतात: पाऊस कसा पडेल, धान्याचे भाव काय राहतील. स्थलांतर सुरू होण्याच्या तोंडावर ही भाकणूक होते, हे लक्षात घेतले पाहिजे. यात्रांमध्ये सोयरिकी जुळतात, मेंढ्यांचे व्यवहार होतात, कोणत्या गावाने यंदा कसे वागवले ही बातमी फिरते. ढोलाच्या तालावरील गजी नृत्य आणि सुंबरान (देवाचे स्मरण) मांडून गायलेल्या ओव्या हे बाहेरच्यांना दिसणारे रूप झाले.

महाराष्ट्रात अशी किती कुटुंबे आहेत?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या, तर देशात ७ कोटी ४२ लाखांहून अधिक. परंतु पशुगणना घरोघरी होते, आणि ज्यांचे घर वाटेवर असते त्यांची मोजणी निसटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत प्रथमच फिरत्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी नोंद घेण्याचे ठरले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे.

माझ्या शेतात मेंढ्या बसवायच्या असल्यास काय करावे?

पीक निघाल्यानंतर आणि नांगरटीपूर्वीची वेळ उत्तम. परिसरात मुक्कामाला असलेल्या वाड्याच्या म्होरक्याशी बोलून रात्रींची संख्या, मेंढ्यांचा अंदाज आणि मोबदला आधीच ठरवावा. शेतात अलीकडे कीटकनाशक किंवा तणनाशक फवारले असल्यास ते स्पष्ट सांगावे, कारण फवारलेला पाला खाऊन मेंढ्या दगावल्याचे प्रसंग घडतात आणि त्याची किंमत एकटा मेंढपाळ भरतो. शेजाऱ्याच्या उभ्या पिकाची बाजू दाखवून द्यावी. पाण्याची सोय शेतकऱ्याने करावी, अशी सर्वसाधारण रीत आहे. ठरलेले पैसे निघण्याच्या सकाळी नव्हे, तर शेवटच्या संध्याकाळीच द्यावेत, कारण वाडा उजाडण्यापूर्वी हललेला असतो.